गालाची जागा

"इतना घी तो हम बाटी में भी नहीं डालते, साहब!" नंदकिशोर जांगिड म्हणाले. रायफलचा लाकडी दस्ता उलटा धरून त्यांनी आतल्या खोबणीत अंगठ्याचं नख दाबलं. नख सहज आत रुतलं आणि बाजूने तेल वर आलं.

दिनकररावांची मुलगी सावनी हसली. दिनकरराव हसले नाहीत.

"घी नहीं, अलसी का तेल है," ते म्हणाले. "रोज थोड़ा लगाता था।"

"रोज?"

"रोज।"

जांगिडांनी नख पुसलं. जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या शहरातल्या, त्या अरुंद गल्लीत बंदूक दुरुस्तीचं त्यांचं दुकान वडिलांपासूनचं. ही रायफल त्यांच्या ओळखीची होती. नाशिकच्या कॉलेजात एनसीसीत नेमबाजी शिकलेली वीणा लग्नानंतर दिनकररावांच्या विमा कंपनीतल्या बदल्यांमागे फिरत राहिली. जयपूरला बस्तान बसल्यावर तिने एका म्हाताऱ्या खेळाडूकडून ही जुनी रायफल घेतली. दस्ता पुरुषी मापाचा होता. जांगिडांनीच तो मागून कापून आखूड केला आणि गाल टेकायची जागा तिच्या चेहऱ्याबरहुकूम तासून दिली. वर्षानुवर्षं तिथे तिचा गाल टेकला. लाकूड तेवढ्या जागी काळसर, गुळगुळीत झालं होतं.

मागच्या पावसाळ्यात वीणा गेली. परवाना तिच्या नावावर होता, म्हणून नळी आणि चापाचा भाग दुकानात जमा करावा लागला. "खाली लकड़ी है, घर ले जाइए," असं जांगिडच म्हणाले होते.

दस्त्याला तेल लावतात, एवढं दिनकररावांनी पाहिलं होतं. वीणा दिवाळीनंतर कधीतरी तळहातावर चार थेंब घेऊन चोळायची. ते मात्र रोज चहा झाला की दस्ता मांडीवर घेऊन बसत. कापसाचा बोळा बुडवून बाहेरून लावत, नळी बसते त्या खोबणीतही भरत. शेवटी शेवटी वीणा पेजेचा चमचासुद्धा तोंडात घेत नव्हती. हे लाकूड दिलं तेवढं पीत होतं.

मग परवाना सावनीच्या नावावर झाला, लोखंड पुन्हा लाकडात बसलं, आणि परवा रेंजवर तिच्या गोळ्या कागदभर विखुरल्या.

"लकड़ी अंदर से नरम हो गई," जांगिड म्हणाले. "पेंच कसो तो लोहा धँसता है, नाल लकड़ी से भिड़ जाती है। फिर हर गोली अपने मन की।" दिनकररावांचा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. "हो जाएगा साहब। नरम हिस्सा निकालकर पक्का मसाला भर देंगे।"

त्यांनी रायफल पुन्हा जोडली आणि जमिनीवर सतरंजी टाकली. सावनी पालथी पडली, गाल टेकवला, उचलला, परत टेकवला.

"मला समोरचं काही नीट दिसतच नाहीये, बाबा. मतलब, डोळा खालीच राहतो."

तिचा चेहरा बापाच्या वळणाचा होता, लांबट. वीणाच्या गालाचा तो खळगा तिला खोल पडत होता.

"यह सपाट करना पड़ेगा," जांगिडांनी तिथे बोट ठेवलं. "ऊपर नया टुकड़ा चिपकेगा।"

"नहीं," दिनकरराव म्हणाले. "अंदर का जो करना है करो। उस जगह को हाथ नहीं लगाना। आपण नवा दस्ता करून घेऊ, सावनी."

"नवा? जांगिडजी नवा करेपर्यंत दिवाळी येईल. स्टेटची मॅच तोंडावर आलीय."

"मग या वेळी कोणाची तरी मागून घे."

"मागूनच खेळायचं होतं तर कलेक्टर ऑफिसचे एवढे हेलपाटे कशाला घातले मी? मला आईच्या रायफलने खेळायचंय."

"ती जागा घासली की आईची राहील का ती?"

"आणि आता राहिलीय?" सावनी उठून बसली. "असा नेम होता तिचा?"

दिनकररावांनी तोंड फिरवलं. गल्लीतून एक ई-रिक्षा भोंगा वाजवत गेली.

"सॉरी, बाबा," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही सकाळी ते मांडीवर घेऊन बसायचात ना, तेव्हा मी किचनमधून बाहेरच यायचे नाही. नाही बघवायचं मला."

जांगिडांनी सतरंजी नीट केली. मग म्हणाले, "साहब, एक बार आप लेटकर देख लो। फिर जो कहोगे।"

वीणा असताना दिनकररावांनी रायफल कधी खांद्याला लावली नव्हती. रेंजवर ते थर्मास आणि छत्री धरून मागे बसायचे, आणि ती मागे वळून विचारायची, "झोपलात की काय हो?" आता ते गुडघे सांभाळत सतरंजीवर आडवे झाले. गाल त्या जागी ठेवला. गाल खळग्यात खोल गेला, डोळ्यासमोर नुसतं काळं लोखंड आलं. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. तिच्या पावडरचा, घामाचा, कसलाच वास नव्हता. अळशीच्या तेलाचा उग्र वास होता, त्यांच्या स्वतःच्या हातांना यायचा तोच.

ते बराच वेळ उठले नाहीत. सावनी पुढे झाली, तशी जांगिडांनी तिला हातानेच थांबवलं.

"घिस दो," दिनकरराव शेवटी म्हणाले.

जांगिडांनी दस्ता वेगळा करून शिकंज्यात आवळला. तेलकट लाकूड शिकंज्यातून सटकलं. त्यांनी कापड गुंडाळून पाहिलं, तरी हलायचं थांबेना.

"इधर से किसी को पकड़ना पड़ेगा।"

सावनीने बाह्या वर केल्या.

"तू नको," दिनकरराव म्हणाले. "मी धरतो."

त्यांनी दस्ता दोन्ही हातांनी बाकावर दाबून धरला. जांगिडांनी कानस फिरवायला सुरुवात केली. भुगा उडत नव्हता. तो काळपट, ओलसर होऊन दिनकररावांच्या मनगटांवर चिकटत होता. प्रत्येक फेऱ्याचा हिसका कोपरापर्यंत पोहोचत होता.

"ढीला मत छोड़ना, साहब।"

"नाही सोडत," दिनकरराव मराठीतच म्हणाले, आणि त्यांनी आणखी जोर लावला.