उजवा गुडघा

स्वप्नालीच्या सासूने प्रश्न चांगला विचारला, म्हणून तर हे सगळं झालं.

बदलापूरच्या एका डॉक्टरांनी सासूचा, वेणूचा, एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला आणि 'वय झालं, झीज झालीय' म्हणून गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून ती धुमसत होती. रविवारी दुपारी सोनिवलीच्या घरी ओटीवर पाय पसरून बसली असताना तिने सुनेला हाक मारली. स्वप्नाली उल्हासनगरच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची.

"तू शिकवतेस ना शरीराचा? मंग सांग. दोनी गुरघं माजेच. येकाच दिवशी जल्मलं. वय फकस्त उजव्याचाच कसा झाला? डावा तर काय बोलत नाय."

इतका नेमका प्रश्न वर्गात तिला कुणी बऱ्याच दिवसांत विचारला नव्हता. तपासायचे पेपर बाजूला ठेवून ती सासूशेजारी येऊन बसली.

"आई, दोन हाडांच्या मध्ये गुळगुळीत गादी असते, कूर्चा म्हणतात तिला. तिच्यात जिवंत पेशी असतात, त्या गादीची निगा राखतात. वय वाढलं किंवा मार बसला की त्यातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात. मग त्या काम करत नाहीत, पण मरतही नाहीत. तिथेच बसून राहतात आणि असं काहीतरी सोडत राहतात की सूज येते, गादी खराब होते, आणि शेजारच्या चांगल्या पेशीही हळूहळू तशाच व्हायला लागतात."

"मंग त्यांचा काय करतान?"

"त्या काढून टाकायचं औषध शोधतायत. उंदरांच्या गुडघ्यातून काढल्या तर त्यांचं दुखणं कमी झालं. माणसांना इंजेक्शन देऊन पाहिलं, पण त्याचा नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा जास्त गुण आला नाही. अजून काम चालू आहे."

वेणू "बरा" म्हणाली आणि चहा अर्धा टाकून आत गेली. तिला समजलं, असं स्वप्नालीला वाटलं. आपण सोपं करून सांगितलं म्हणून ती थोडी खूशही झाली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तिला नणंदेचा फोन आला. जिज्ञासा लग्न करून मांजर्लीला दिलेली, आईशी तिचं रोज बोलणं व्हायचं.

"वहिनी, तू आईला काय बोललीस? म्हातारी माणसं काम करत नाहीत, मरत पण नाहीत, नुसती बसून शेजारच्यांना नासवतात? आणि त्यांना उंदराचं औषध?"

स्वप्नालीला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. "जिज्ञासा, मी पेशींबद्दल बोलत होते. गुडघ्यातल्या पेशी."

"ते असेल गं. पण आईसमोर बोलायची एक पद्धत असते ना."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. धर्मेशचा रेती-सिमेंटचा धंदा होता, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरी त्याला कुठलंच बोलणं वाढवायचं नसायचं.

"सॉरी बोलून टाक ना. विषय संपव."

"कशाबद्दल सॉरी? म्हातारी असं मी त्यांना म्हटलंच नाही."

"आईला वाटलंय ना तसं. बस झालं."

"म्हणजे पेशींच्या वतीने मी माफी मागू?"

"तू पण ना," म्हणून तो मोबाइल घेऊन बसला.

तिने सासूला पुन्हा समजावून पाहिलं. वहीच्या पानावर गुडघ्याचं चित्र काढून दाखवलं. वेणूने ते लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "मना चित्र नको दाखवू. मना कान हायेत." तीन घरं सोडून एक हळद होती. तिथे शेजारच्या कौसाबाईने स्वप्नालीला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, आमचा पन औषध आनलंस का?" बायका हसल्या. स्वप्नालीही हसली, कारण दुसरं काय करणार. पण घरी येईपर्यंत तिचं डोकं तडतडत होतं. कॉलेजात ऐंशी पोरांना आनुवंशिकता समजावून सांगता येते, आणि घरात एका बाईला तिचाच गुडघा सांगता येत नाही.

त्याहून त्रासाची गोष्ट पुढेच होती. आपण रिकाम्या बसत नाही हे दाखवायला वेणूने कामं काढली. डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हणून सांगितलं होतं, तर ती उकिडवी बसून अंगण घासायला लागली. भांडी घासायला मोलकरीण येत होती, तिच्या हातातून ती भांडी ओढून घेऊ लागली. सुकट वाळत घालायला दिवसातून कितीदा तरी गच्चीवर जाऊ लागली. स्वप्नाली काही बोलली की एकच उत्तर यायचं, "काम करनारा मानूस हाय मी."

"बाबा, तुम्ही तरी सांगा त्यांना," ती सासऱ्यांना म्हणाली.

हरिचंद्रने पेपरातून मान वर केली. "करू दे. तिला सवय हाय."

गुरुवारी कॉलेज लवकर सुटलं. स्वप्नाली घरी आली तर खाली कुणी नव्हतं. हाका मारत ती गच्चीवर गेली. वेणू उन्हात फरशीवर बसलेली, शेजारी सुकटीची परात, आणि उजवा गुडघा लुगड्यावरूनही दिसावा इतका फुगलेला. तिला उठता येत नव्हतं. किती वेळ ती तशी बसली होती, तिने सांगितलं नाही. कुणाला हाकही मारली नव्हती.

स्वप्नाली तिच्या बगलेत हात घालून तिला उठवायला लागली. वेणूने हात झटकला.

"सोर मना. मी शेजारच्यांना नासवतंय ना."

तेव्हा स्वप्नालीचा तोल गेला. "आई, मी गुडघ्याबद्दल बोलत होते. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. मला वाटलं घरात कुणीतरी नीट प्रश्न विचारला, म्हणून मी हातातलं काम टाकून सांगत बसले. तुमच्याबद्दल मला काही म्हणायचं असतं तर मी तोंडावर म्हटलं असतं. पेशी कशाला मध्ये घातल्या असत्या?"

सून इतकी मोठ्याने बोललेली वेणूने कधी ऐकली नव्हती.

"वय झाला किंवा मार बसला, असाच बोललीस ना तू त्या दिशी?" तिने विचारलं.

"हो."

"मंग याला मार बसलाय."

मग तिने सांगितलं. या घराचा पहिला स्लॅब पडत होता तेव्हा मजूर कमी होते, घरातल्या बायकाही घमेली वाहत होत्या. डोक्यावर माल घेऊन ती हरिचंद्रने लावलेल्या फळीवरून चढत होती, फळी सरकली आणि ती उजव्या गुडघ्यावर विटांच्या ढिगात आपटली. सासू सुंदराबाईने हळद बांधली. दुसऱ्या दिवशी मजुरांचा स्वयंपाक तिनेच केला, उभ्याने. गुडघा महिनाभर सुजलेला होता. दवाखान्यात न्या म्हणून तिने हरिचंद्रला सांगितलं, तर तो म्हणाला, होईल बरं.

"हे डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"त्यानं इचारला कवा?"

स्वप्नालीने तिला पाठीमागून धरून एकेक पायरी बसत बसत खाली आणलं. दोघी घामाने भिजल्या. खाली आल्यावर वेणू पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुजा बरोबर हाय का चूक, ते मोठ्या डॉक्टरला इचारू."

अंबरनाथच्या हाडांच्या डॉक्टर बाईंनी गुडघ्यातलं पाणी काढलं आणि जुन्या माराबद्दल सगळं विचारून घेतलं. तेव्हा आतलं काहीतरी फाटलं असावं, म्हणून हा सांधा दुसऱ्याच्या बराच आधी बिघडला, असं त्या म्हणाल्या. मांडीचा व्यायाम, थोडं वजन कमी, उकिडवं बसणं बंद, घरात कमोड. आणखी बिघडलं तर गुडघा बदलायचा विचार पुढे करू.

"आनी त्या म्हाताऱ्या पेशी?" वेणूने विचारलं. "त्या काढतेस का तू?"

डॉक्टर बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुनेनं. बरोबर हाय का?"

"बरोबर आहे. मार लागलेल्या सांध्यात त्या लवकर दिसतात. पण त्या काढायचं खात्रीचं औषध अजून कुणाकडेच नाही. कुणी विकायला आलं तर घेऊ नका."

स्वप्नाली सासूकडे बघत होती. वेणूने तिच्याकडे न बघता पिशवी उचलली. हरिचंद्र बाहेर बाकावर बसला होता. त्याच्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "ऐकलंस? वय नाय झाला माजा. तुजी फळी ढिली व्हती."

"कुठली फळी?" हरिचंद्रने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. रिक्षात घरी येईपर्यंत तिने त्याला आठवण करून दिली.

सॉरी कुणीच कुणाला म्हटलं नाही. जिज्ञासाचा पुन्हा फोन आला. आईचा गुडघा बाबांनी बिघडवला, असं तू म्हणालीस, हे खरं का? स्वप्नालीने डोळे मिटून "नाही" म्हटलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. जिज्ञासाने अर्ध्यातच "बरं, बरं" करून फोन ठेवला.

कमोडवरून आठवडाभर वाद चालला. हरिचंद्रला ते आजारी माणसाचं सामान वाटत होतं, पाहुणे काय म्हणतील याची काळजी होती. वेणूने एका सकाळी गवंड्याला परस्पर बोलावलं. व्यायाम ती करायची, पण निम्म्यावर सोडायची, आणि शेजारी बसलेल्या स्वप्नालीने ओरडल्याशिवाय पाय पुन्हा उचलायची नाही. दिवाळीपर्यंत सूज राहिली नव्हती. दुखणं होतं, पण रात्री झोप लागत होती. कमोड सगळ्यात जास्त हरिचंद्रच वापरत होता.