एक सूर खाली

डेलमार टिब्सच्या गुडघ्यावर मी बर्फ ओढायचं फावडं हाणलं, याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. तो थांबतच नव्हता. पण प्रकरण फावड्यापर्यंत कसं आलं ते आधी सांगते, कारण त्याची सुरुवात झाली ती घरबसल्या कॉफी पिणाऱ्या, जन्मात कोणाला चिमटाही न काढलेल्या माणसांच्या गप्पांतून.

इंटरनेटवर आमचं एक मंडळ होतं. दुकानात कधीच न आलेली जॅझची रेकॉर्डिंगं जमवायची आणि एकमेकांना वाटायची, एवढाच उद्योग. क्लबात टेबलाखाली मशीन लपवून कोणी केलेली, रेडिओवरून कोणी उतरवून घेतलेली, असली. विकायची नाहीत, हा एकच धर्म. ज्याने विकली तो वाळीत. बाकी सगळं माफ होतं. तिथे सगळ्यांना टोपणनावं. मी पिट्सबर्गची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, म्हणून मी 'बसवाली'. ओहायोतला एक दातांचा डॉक्टर स्वतःला 'प्रोफेसर' म्हणवून घ्यायचा. अमक्या रात्री ट्रम्पेट कोणी वाजवला यावरून ही माणसं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पोस्टाने टेप पाठवायची.

डेलमार यांच्यातला नव्हता. तो आमच्याच गावचा, चाळिशीचा, गॅरेजात गाड्या दुरुस्त करणारा. त्याचे वडील रोस्को टिब्स सॅक्सोफोन वाजवायचे. १९६६ साली, डेलमार दोन वर्षांचा असताना, 'कॉपर लँटर्न' नावाच्या क्लबामागच्या गल्लीत त्यांना कोणीतरी भोसकलं. खुनी कधी सापडला नाही.

डेलमारला वडिलांचं वाजवणं नको होतं. ते त्याच्याकडे ढीगभर होतं. त्याला त्यांचं बोलणं ऐकायचं होतं. 'आता पुढचं गाणं अमुक' एवढं एक वाक्य मिळालं असतं तरी त्याचं भागलं असतं. पण आमच्या लोकांची एक जुनी खोड आहे. कॉपी करताना गाण्यांमधलं बोलणं, हसणं, ग्लासांची किणकिण सगळं कापून टाकायचं. टेपवर जागा वाचते आणि म्हणे संगीत शुद्ध राहतं. त्यामुळे रोस्को टिब्स तासन्‌तास वाजवताना ऐकू यायचे, बोलताना एकदाही नाही.

"आई म्हणायची, त्यांनी कधी आवाज चढवला नाही," डेलमार मला एकदा फोनवर म्हणाला होता. त्याचा स्वतःचा आवाजही तसाच, जड आणि हळू, वाक्यातला शेवटचा शब्द ओढत नेणारा. दारात मावणार नाही असा धिप्पाड गडी, पण फोनवर वाटायचं की मांडीवर पोर झोपवत बसलाय. मला तो आवडायचा.

क्लबांत चोरून रेकॉर्डिंग करणारा माझा भाऊ वारल्यावर मी त्याचं तळघर उपसलं, तेव्हा टेपच्या रिळांच्या डब्यांत एका डब्यावर 'कॉपर लँटर्न' लिहिलेलं दिसलं, आणि खाली तारीख होती ती रोस्को गेले त्याच रात्रीची. माझ्या मशीनचा पट्टा कधीच कुजला होता, म्हणून मी ते रीळ न ऐकताच प्रोफेसराकडे पाठवलं आणि बजावलं, यातलं एक अक्षर कापायचं नाही.

त्याने अक्षर कापलं नाही. त्याने ते 'दुरुस्त' केलं. जुनी मशीनं कधी हळू चालतात, कधी जोरात. मग खरा वेग शोधायचा तर टेपवरचा पियानो कुठल्या पट्टीत आहे ते बघायचं आणि सगळं त्या पट्टीवर आणायचं, हा या लोकांचा ठरलेला उपाय. या टेपवर पियानो एक अख्खा सूर खाली होता. प्रोफेसराने ठरवलं की माझ्या भावाचं मशीन हळू चालत होतं, आणि त्याने सगळंच रेकॉर्डिंग तेवढं पळवलं. शेवटाकडे एक किंचाळल्यासारखी बारीक कुईं होती, तीही टेपचा दोष म्हणून पुसली. मग सगळ्यांना वाटून टाकलं.

मंडळ बेहद्द खूश. काय ती तडफ, काय तो वेग, या बँडने असं कधी वाजवलंच नव्हतं, अशी स्तुती दोन दिवस चालली. मग लोक शेवटापर्यंत पोचले. शेवटचं गाणं संपतं, टाळ्या पडतात, धाडकन काहीतरी आपटतं, आणि एक पुरुष किरट्या आवाजात म्हणतो, "मागच्या गल्लीत चल. आज आपल्यातला एकच परत येईल." तिथे टेप संपते.

डेलमारने एवढंच लिहिलं, "हा कोण?"

झालं. वाळलेल्या गवतात काडी पडली. प्रोफेसराने कुठूनशी रोस्कोच्या बँडमधल्या पियानोवाल्याची, अँब्रोझ किट्रेलची, जुनी रेडिओ मुलाखत काढली. किट्रेलचा आवाज किरटाच. त्याने दोन्ही आवाज शेजारी शेजारी लावून दिले आणि शंकेला जागा नाही असा निकाल दिला. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. ॲरिझोनातल्या एका गृहस्थाने लिहिलं की माझा बाप असता तर मी त्या पियानोवाल्याचे दात त्याच्या घशात घातले असते. दुसऱ्याने लिहिलं की नुसते दात कशाला. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे. एकाने तर किट्रेल अजून जिवंत आहे हे शोधून त्याचा पत्ताच टाकला. होमवूड, म्हणजे डेलमारच्या घरापासून गाडीने जेमतेम पाव तास.

मी लिहिलं, बाबांनो, आवाजाला आवाज मिळाला म्हणून माणूस खुनी ठरत नाही, तो पत्ता आधी काढा. मला उत्तर आलं की बसवालीने बस चालवावी.

रविवारी चर्चहून आले, कोट न काढताच संगणक लावला, तर डेलमारची एक ओळ होती. "मी चाललो." खाली तिघाचौघांनी त्याला शाबासकी दिली होती. मी तशीच गाडीची किल्ली उचलली.

किट्रेलच्या घरासमोर पोचले तेव्हा डेलमार पायऱ्या चढून दारात उभा होता. खांद्याला त्याचं ते कॅसेट वाजवायचं लहान मशीन लटकत होतं. दार उघडलं. स्वेटर घातलेला, काटकुळा, पंचाहत्तरीचा म्हातारा. डेलमार ओरडला नाही. मी फाटकात होते, मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला.

"बाहेर ये, म्हाताऱ्या," तो हळूच म्हणाला, आणि पुढच्या वाक्यातला शेवटचा शब्द त्याने नेहमीसारखा ओढला. "आज आपल्यातला एकच आत जाईल."

आणि त्याने ठोसा मारला. मी बसमध्ये पोरांच्या मारामाऱ्या आयुष्यभर सोडवल्या, पण असा आवाज ऐकला नव्हता, ओली फांदी मोडावी तसा. म्हातारा दाराच्या चौकटीवर आदळला आणि खाली बसला. डेलमारने त्याला स्वेटरला धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. मग पुन्हा. म्हाताऱ्याचं नाक एका बाजूला गेलं, रक्त हनुवटीवरून ओघळून बर्फावर पडत होतं. त्याने हात वर केलेच नाहीत. मी डेलमारची बाही धरली, त्याने मला माशी झटकावी तसं झटकलं, मी कठड्यावर आपटले. तो लाथ मारायला पाय उचलत होता, म्हाताऱ्याच्या डोक्यावर.

फावडं दाराशीच टेकवलेलं होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि ज्या पायावर तो उभा होता त्याच्या गुडघ्यावर धारेने घातलं. तो कोसळला. मी दुसऱ्यांदा उगारलं.

"हललास तर डोक्यात घालीन," मी म्हणाले. "मी बसवाली आहे, डेलमार. मी गप्प बसणार नाही."

समोरच्या खिडकीतून एक बाई ओरडली की पोलिसांना फोन केलाय.

म्हाताऱ्याला मी काखेत हात घालून स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीवर बसवलं, तोंडाला टॉवेल दिला. डेलमार भिंत धरत लंगडत आत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचं का कशाचं कोण जाणे. त्याने खांद्यावरचं मशीन काढून टेबलावर आपटलं आणि समोरच्या खुर्चीत बसला.

"ऐक," तो म्हणाला. "स्वतःचा आवाज ऐक, आणि मग सांग की तू नव्हतास."

टेप चालू झाली. शेवटचं गाणं, टाळ्या, आपटल्याचा आवाज, ते किरटं वाक्य. किट्रेल मान खाली घालून ऐकत होता. टॉवेल लाल झाला होता. टेप संपल्यावर त्याने एक तुटलेला दात हातावर काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्या बापाला मीच मारलं," तो म्हणाला. "पण हा आवाज माझा नाही."

डेलमार उठायला गेला. मी फावडं त्याच्या छातीवर टेकवलं.

"बोलू दे त्यांना."

"तुझ्या आईच्या ओठाला त्या दिवशी टाके होते," किट्रेल म्हणाला. नाक मोडल्यामुळे शब्द फुटत नव्हते, तरी तो घाई करत नव्हता. "पहिल्यांदा नव्हते. मी बँडसमोर रोस्कोला विचारलं, हे तुझं काम का. एवढंच विचारलं. गल्लीत त्याने सुरा काढला. माझा एकच हात धड राहिला होता, आणि झटापटीत सुरा त्याच हातात आला. मी दोनदा भोसकला. दुसऱ्यांदा भोसकायची गरज नव्हती, पोरा. तेवढं मी अडतीस वर्षं गिळतोय."

"खोटं," डेलमार म्हणाला. "ते कधी आवाजसुद्धा चढवायचे नाहीत."

"नाहीच चढवायचा." किट्रेलने मशीन स्वतःकडे ओढलं. "हे इतकं पळत का वाजतंय? आमच्या मागे काय कुत्रं लागलं होतं?"

मी त्याला सांगितलं की ओहायोच्या एका डॉक्टरने वेग सुधारलाय. पियानो एक सूर खाली होता म्हणून.

म्हातारा हसला. रक्ताचा बुडबुडा आला त्याच्या ओठावर.

"पियानो खालीच होता. तारा गंजलेल्या, खऱ्या पट्टीत ओढल्या की तुटायच्या. मालक चिक्कू, नव्या तारा घालीना, सगळा पियानोच त्याने एक सूर उतरवून ठेवला होता. बाकीचे शिव्या देत त्याच्याशी जुळवून घ्यायचे. त्या क्लबात वाजवलेल्या कुठल्याही माणसाला विचारायचं होतंत. पण तुम्ही लोक माणसांना विचारत नाही."

डेलमारच्या त्या मशीनला वेग कमीजास्त करायची एक चकती होती. हौशी लोक मुद्दाम तसलं मशीन घेतात. किट्रेलने टेप थोडी मागे नेली आणि उजव्या हाताने चकती फिरवायला लागला. तेव्हा मला तो हात नीट दिसला. चार बोटं मधल्या सांध्यात तिरकी जुळलेली, एका रांगेत, एकाच घावात मोडल्यासारखी. त्या रात्रीनंतर त्याने पियानो वाजवला नव्हता, हे नंतर कळलं.

बँडचा वेग उतरला. तडफ गेली. एक दमलेलं, दुःखी, फार सुंदर गाणं राहिलं, आणि सॅक्सोफोन भरदार, काळजाला हात घालणारा. डेलमारचे ओठ हलले. टाळ्या झाल्या. धाडकन आवाज आला.

"हे पियानोचं झाकण," किट्रेल म्हणाला. "खाली माझी बोटं होती. मी ओरडलो होतो, ते ऐकू येत नाही यात."

मग तो आवाज आला. चढलेला नव्हता. जड, हळू, मांडीवर पोर झोपवत बसल्यासारखा. "मागच्या गल्लीत चल. आज आपल्यातला एकच परत येईल." शेवटचा शब्द ओढत नेला होता.

मी मशीनकडे बघायचं सोडून डेलमारकडे बघितलं. किट्रेल तर पहिल्यापासून त्याच्याकडेच बघत होता. थोड्याच वेळापूर्वी फाटकात उभी राहून मी हाच माणूस बोलताना ऐकला होता.

डेलमारने हात पुढे करून मशीन बंद केलं. त्याच्या बोटांच्या पेरांवर म्हाताऱ्याचं रक्त वाळत आलं होतं. तो त्या हाताकडे बघत राहिला. जन्मभर जे मागत होता ते त्याला मिळालं होतं. मला वाटलं तो काही बोलेल, रडेल, निदान म्हाताऱ्याची माफी मागेल. त्याने तो हात टेबलाखाली घेतला.

बाहेर गाडी थांबली. दोन पोलिस बुटांचा बर्फ झटकत आत आले. त्यांनी म्हाताऱ्याचं तोंड बघितलं, माझ्या हातातलं फावडं बघितलं, मग डेलमारकडे वळले. त्यातल्या एकाने बऱ्या शब्दांत विचारलं, तुझं नाव काय.

डेलमारने तोंड उघडलं. घशातून आवाज येणार एवढ्यात त्याने ते मिटून घेतलं, दोन्ही हात तोंडावर दाबले आणि मान हलवत राहिला. पोलिसाने पुन्हा विचारलं, यावेळी जरा दरडावून. तरी त्याने हात काढले नाहीत.

शेवटी त्याचं नाव मी सांगितलं.