जागेवर थांबलेला आवाज

"थांब म्हटलं तरी थांबायला तयार नाही! मी दाबतोय, दाबतोय, आणि तो आपला सुटलाय बडबडत!" दादा दारातून आत येता येताच ओरडला आणि काठी कोपऱ्यात अशी भिरकावली की आई आतून धावत आली.

धाकटी कॉम्प्युटरसमोर बसली होती. काय झालं ते तिला विचारावंच लागलं नाही.

म्हणजे बघा, दादाला डोळ्यांनी दिसत नाही. कोर्टात टायपिस्ट आहे, पण कच्चा, म्हणजे तात्पुरता. कायम व्हायचं तर टायपिंगची परीक्षा पास व्हायची, आणि ती आज होती. एका कानात साहेबांचं डिक्टेशन, दुसऱ्या कानात त्याचा लॅपटॉप, म्हणजे स्क्रीनवर काय उमटतंय ते वाचून दाखवणारा प्रोग्राम. आणि हा प्रोग्राम कोणाचा? धाकटीचा! कॉलेजात असताना तिनं दादासाठीच तो लिहायला घेतला. मग ओपन सोर्स केला, कोणीही घ्या, कोणीही हातभार लावा. आता कुठकुठली माणसं तो वापरतात, आणि तिच्या जोडीनं एक मिशीवाला तो सांभाळतो, ज्याला तिनं फक्त स्क्रीनवर पाहिलंय, तेही गळ्यापर्यंतच.

दादाचा लॅपटॉप तिनंच असा लावून दिला होता की रोज सकाळी तो आपणहून ताजा प्रोग्राम घेईल. दादा चहा पिता पिता विचारायचा, "आज काय नवं?" आणि ती खुशीत सांगत बसायची. फक्त आज परीक्षेच्या गडबडीत त्यानं विचारलं नव्हतं.

"आवाज थांबवायचं बटण आता झटकन लागोपाठ दोनदा दाबायचं," धाकटी कशीबशी म्हणाली. "एकदा चुकून लागलं की बंद पडतो, अशी लोकांची तक्रार होती. काल दुरुस्त केलं मी."

"वा! आणि हे मला कोण सांगणार? शेजारी?"

"अरे, दुरुस्तीच होती. तू रोज घेतोस त्या स्टेबल ब्रांचमध्ये फक्त दुरुस्त्याच जातात, नवं काही नाही."

"मग तुझ्या त्या ब्रांचला जाऊन सांग, साहेबांचं अर्धं डिक्टेशन मला ऐकूच आलं नाही!"

साहेब भला माणूस. पुढच्या महिन्यात पुन्हा बस म्हणाला. पण तेव्हाही दादा घसरला, तर त्या खुर्चीत दुसरा कोणीतरी.

मिशीवाल्याला कळलं तर तो फोनच्या स्पीकरवर सुरूच झाला. "कधीचा कानीकपाळी ओरडतोय मी, टॅग लाव, टॅग लाव!"

आता टॅग म्हणजे काय, तर प्रोग्राम आत्ता जसा आहे तसाच धरून त्यावर नंबर ठोकायचा. ज्यानं तो नंबर घेतला, त्याला आजही तेच मिळणार आणि वर्षानंही तेच. ब्रांच मात्र वाहती. आज घेतली तर आजची, उद्या घेतली तर उद्याची, चुका निस्तरत पुढे जाणारी.

"टॅग म्हणजे टाचणी टोचलेलं फुलपाखरू," धाकटी म्हणाली. "चूक सापडली तरी ती तिथेच राहणार. मला नाही बघवत."

"आणि तुझी ब्रांच म्हणजे रोज कोणीतरी येऊन घरातलं सामान हलवून जातं. चांगल्या जागी ठेवतं, कबूल. पण अंधारात ठेच लागते ना माणसाला!" एवढं बोलून मिशीवाल्यानं जीभ चावली. "सॉरी हं. मी दादांना उद्देशून नाही..."

"बोल की!" दादा पलीकडच्या खोलीतून ओरडला. "ठेच मलाच लागलीये!"

शेवटी धाकटीनं टॅग लावला. बटण पुन्हा एकदाच दाबायचं केलं, नंबर ठोकला, दादाच्या लॅपटॉपवर घातला आणि ते रोज सकाळचं आपोआप येणं बंद करून टाकलं. दादा जोरात सरावाला लागला.

परीक्षा तोंडावर आली आणि तिला त्याच नंबरात चूक सापडली! लांबलचक आकडा आला की आवाज मधेच दम खायचा. आणि कोर्टात तर उठताबसता केस नंबर. दुरुस्ती एका ओळीची. तिच्या मनात आलं, टॅग गुपचूप उचलायचा आणि दुरुस्त केलेल्यावर ठेवायचा. नंबर तोच. कोणाला कळणार?

"मी टॅग हलवतेय," तिनं मिशीवाल्याला सांगितलं.

"वेडी आहेस का? एका नंबराचे दोन प्रोग्राम झाले, तर कोणाकडे काय आहे ते देवालाच ठाऊक! मग तो नंबर कशाला लावला?"

"घेतलाय कोणी अजून? दादानं आणि दोनचार जणांनी."

"मग त्या दोनचार जणांना आणि दादांना फसव."

तिनं फोन ठेवला. कमांड लिहिली. एंटर दाबायचं बाकी होतं, आणि बोट काही खाली जाईना. उठली आणि दादाच्या खोलीत गेली.

"दादा, तुझ्या नंबरात एक चूक आहे."

"आकडे वाचताना दम खातो, तीच ना?"

"तुला माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून. तो अडखळतो, मी बोटं वर धरतो. तो निघाला की मी निघतो. जमलंय आमचं."

"अरे बावळटा, सांगायचंस ना! एका ओळीचं काम आहे. आत्ता करते."

"हात लावू नकोस."

"पण चूक आहे ती!"

"तुझी एक ओळ असते गं," दादा शांतपणे म्हणाला. "माझी दहा बोटं असतात."

ती परत आली आणि लिहिलेली कमांड एकेक अक्षर खोडून टाकली. दुरुस्ती ब्रांचवर टाकली, बाकीच्यांसाठी नवा नंबर काढला. दादाचा जुना नंबर होता तिथेच राहिला, चुकीसकट.

दादा पास झाला. आईनं जिन्यात उभं राहून वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ओरडून सांगितलं.

त्यानंतर प्रोग्राम कुठल्या कुठे गेला. नवे नंबर आले, आवाज गोड झाला, आकडे तर पाण्यासारखे वाचायला लागला. प्रत्येक नव्या नंबराला धाकटी दादाच्या दारात जाऊन विचारते, "नवीन आलाय. घालू?"

"बघू पुढे," दादा म्हणतो. चहा पिताना आता तो आज काय नवं ते विचारत नाही.

सकाळी तो कामाला बसतो आणि त्याच्या खोलीतून तो जुना, जरा खरखरीत आवाज येतो. केस नंबर सुरू होतो, अर्ध्यावर थांबतो. कप घेऊन चाललेली धाकटी पॅसेजमध्ये तिथल्या तिथे थांबते. मग आवाज पुढे जातो, कीबोर्ड वाजायला लागतो, आणि तीही पुढे जाते.