विटलेला रंग

भाचीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मामांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं असंही नाही. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस. पत्र हातात पडताच त्यांनी सवयीनं आधी ऱ्हस्वदीर्घ सुधारले. मग ते वाचलं, आणि त्यांना घाम फुटला.

"मला इथे कायम करताहेत," असं पोरीनं लिहिलं होतं. "हो म्हणू का? आईला विचारायची सोय नाही. मशीनच मारायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला, म्हणून ती सुरू होते. मामा, तू सांगशील तसं करीन. पण खरं सांग."

तिला घरात सगळे टाचणी म्हणत. लहानपणी मामांच्या टेबलावरच्या टाचण्या पळवून ती बाहुलीला कागदाचे झगे घालायची. फॅशन डिझायनर व्हायचं खूळ तेव्हापासूनचं, आणि त्या खुळाला खतपाणी घालणारे मामाच. पण आता सल्ला द्यायचा म्हणजे पंचाईत. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, स्वतःचं एक वाक्य कधी कुणाला ठणकावून ऐकवलं नाही. न्हाव्यानं डोक्याचं वाटोळं केलं तरी आरशात बघून "छान" म्हणणारे मामा. ते कुणाच्या आयुष्याचं काय सांगणार?

शेवटी बहिणीचा फोन आला. "अरे, पोरगी ताटकळलीय तिकडे. तोंड उघडशील की नाही एकदा तरी?"

"उघडतो, ताई."

"उघडतो काय! जेवायलाच उघडतोस तेवढं."

मग मामा स्वतःच टाचणीच्या कामावर गेले. डोळ्यांनी बघू, म्हणजे मत तरी तयार होईल, असा हिशेब.

पुढच्या बाजूला कपड्यांचं दुकान: काचा, पांढऱ्या भिंती, एकेका खुंटीवर एकेकच कपडा. मागच्या दारानं वर्कशॉपमध्ये शिरले तर वासानं थोबाडीतच मारली. उकळलेली चहापत्ती, गंज, ओली लोकर, आणि त्या सगळ्यावर फवारलेलं गोडगोड अत्तर. मामांनी रुमाल नाकाशी नेला आणि उगाच शिंकल्यासारखं केलं, कुणाला वाईट वाटू नये म्हणून.

टाचणी टेबलावर वाकून एका कोऱ्या शर्टाची कॉलर काचकागदानं घासत होती. शेजारी वाटीत पिवळट पाणी आणि एक ब्रश.

"हे काय गं?"

"घाम," ती म्हणाली. "काखेत लावायचा. वाळवून पुन्हा लावायचा, नाहीतर खोटा दिसतो."

"अगं, दोन जिने चढले की मला फुकट येतो."

"मामा, हळू बोल ना! सरांना नाही चालत चेष्टा."

तिनं कुजबुजत सांगितलं की या मोसमात सगळे कपडे हमालांचे आणि भट्टीवरच्या माणसांचे वाटायला हवेत. ज्यांनी जन्मात पिशवीसुद्धा उचलली नाही, ते आता तयार मळ अंगावर घालून मेजवान्यांना जाणार होते.

तेवढ्यात सर आले. गळ्यात मोजपट्टी; मापं घेताना मात्र त्यांना कुणी पाहिलं नसावं. मामांवर नजर पडताच ते जागीच थांबले.

"कोण हे?"

"माझे मामा, सर. छापखान्यात मुद्रितं तपासायचे."

"मामा, हलू नका! हा कोट... हे कोपर बघा रे! हा खिसा कसा लोंबतोय!"

बघता बघता मामा एका स्टुलावर उभे होते आणि भोवती सगळं वर्कशॉप. सरांचं बोट छातीवरच्या एका डागापाशी थबकलं. "हा रंग! हा कशाचा?"

लाजऱ्या माणसाला खोटं चटकन सुचत नाही. "ओकारीचा," मामा म्हणाले. "बायको आजारी होती. उठवून बसवताना... खूप धुतला, पण गेला नाही."

सर जवळ वाकले. "अप्रतिम. ना पिवळा, ना राखी. पोरी, हा जुळवून घे."

आणि टाचणीनं रंगांचा कागद आणून मामांच्या छातीला लावला. मामीच्या उशाशी बसून हिनंही भांडी धरली होती. आता ती डोळे बारीक करून म्हणाली, "हा जवळ जातोय, सर. किंचित हिरवा लागेल."

मामांच्या घशाशी आंबट आलं.

"तुम्ही शब्दांतले म्हणे," सर म्हणाले. "नाव द्या ना या कलेक्शनला. जुनं वाटलं पाहिजे, पण भारी."

खाली उतरून चालू पडायचं सोडून मामा चक्क विचार करू लागले. जन्मात त्यांच्याजवळ कुणी त्यांचा स्वतःचा शब्द मागितला नव्हता. "विटलेलं," ते म्हणाले.

"वा! काय शब्द आहे!" टाळ्या पडल्या. मामांचे कान गरम झाले. त्यांना बरं वाटलं.

दारापर्यंत टाचणी सोडायला आली. "मग, मामा? खरं सांग."

"छान आहे की," मामा म्हणाले.

"खरंच?" तिचा चेहरा क्षणभर पडल्यासारखा वाटला, की त्यांना भास झाला? "बरं. आठवड्याअखेर सही करते मग."

कोपऱ्यावर वळल्यावर दिव्याच्या खांबाला धरून मामा वाकले. बाहेर काहीच पडलं नाही, नुसते उमासे. कापड विटतं तसं मनही विटतं. सरांनी शब्दाची हवी ती बाजू उचलली होती, आणि आपणच ती हौसेनं त्यांच्या हातात दिली होती.

घरी येऊन कोटही न काढता त्यांनी कागद ओढला.

"टाचणे, दारात मी खोटं बोललो. मला शिसारी आली. त्या वाटीतल्या घामाची, तुझ्या सरांची, आणि स्टुलावर चढून खूश झालेल्या म्हाताऱ्याची तर फारच. पण सगळ्यात जास्त तू तो कागद लावलास तेव्हा. तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही. आणखी वर्षभर तिथे राहिलीस तर तो कशालाच अडखळणार नाही, याची मला भीती वाटते. सही करू नकोस. कपडे करणं सोडू नकोस, तो तुझा जीव आहे. पण दुसरीकडे कर. मी चुकत असेन. तरी माझं म्हणणं हेच आहे. मामा."

"मी चुकत असेन" खोडावं का, यावर बराच वेळ गेला. ते खरं होतं, म्हणून राहू दिलं.

पेटीत पत्र टाकलं आणि लगेच जीव खाली-वर झाला. पोरगी दुखावेल. बोलणं टाकेल. मामांनी फटीत बोटं घालून बघितली. पत्र केव्हाच तळाला गेलं होतं.

"आजोबा, टाकलंत ना?" मागून एक बाई म्हणाली. "मग सरका की."

"हो, टाकलं," मामा म्हणाले, आणि सरकले.