औशाचा तुकडा

सांध्यावरच्या लहरी रुद्राणीने भिंगाखाली मोजल्या. एका सेंटिमीटरमध्ये नऊ, सगळ्या सारख्या अंतरावर. लोखंडाच्या दोन पट्ट्या वेल्डिंगने काटकोनात जोडल्या होत्या आणि जोड इतका नेटका होता की त्यावरून बोट फिरवावंसं वाटत होतं. तिने एक पट्टी शिकंज्यात आवळली आणि हातोडा धाकट्या भावाच्या, मन्मथच्या हातात दिला.

“मार.”

“अक्का, माझ्यासाठी मुली बघितल्यास तेव्हा एवढी चिरफाड केली नव्हतीस.”

“तेव्हा तुझी केली असती तर कुणी मुलगी दिली नसती. मार.”

एकाच घावात पट्टी निखळून फरशीवर पडली. तुटलेल्या कडेला बारीक काळी भोकं होती, वर तेवढी लोखंडाची साय धरलेली. रुद्राणीने वहीत लिहिलं: सहावा क्लास, स्टेशनकडचा. दिसायला उत्तम, आत पोकळ.

“हाही गेला म्हणायचा,” मन्मथ म्हणाला. त्याच्या आवाजात फारसं दुःख नव्हतं.

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुद्राणी बारा वर्षं काम करत होती. मार्चमध्ये नळ आटले तसे शेजारचे रसायनशास्त्राचे प्रयोग बंद पडले. भांडी धुवायला पाणी नव्हतं. भौतिकशास्त्राला पाणी लागत नाही, त्यामुळे तिचं काम सत्र संपेपर्यंत चालू राहिलं. उद्यापासून उन्हाळी सुट्टी होती.

लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय बारीक राहिला. मांडीपासून टाचेपर्यंत दोन लोखंडी सळ्या त्याला आधार देत. रोज सकाळी नऊला मन्मथ तिला स्कूटरवरून कॉलेजात सोडायचा आणि पाचला न्यायला यायचा. पाटबंधारे खात्याने त्याला बढती देऊन नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर बोलावलं होतं. ‘घरगुती अडचण’ असं लिहून त्याने दोनदा नकार कळवला. त्याची बायको सामान बांधायला दोनदा बसली आणि दोनदा उठली. आता तिसरं पत्र आलं होतं, आणि हे शेवटचं, असं त्याच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. उत्तराला सहा दिवस उरले होते. घरात रुद्राणीच्या सोबतीला आई होती. प्रश्न फक्त घर ते कॉलेज या चार किलोमीटरचा होता.

त्यावर उपाय रुद्राणीनेच काढला होता. लूनाच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक, म्हणजे गाडी तोलायला पाय टेकावा लागणार नाही. आलेखाच्या कागदावर चित्रही तयार होतं. सांगाडा स्वतः जोडायचा म्हणून ती वेल्डिंगचा क्लास शोधत होती. लातूरला जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांना गेट हवे होते, खिडक्या हव्या होत्या, आणि यंदा ट्रॉल्यांवर बसवायला पाण्याच्या टाक्या. त्यामुळे वेल्डिंग शिकवतो म्हणणाऱ्या पाट्या जागोजागी लागल्या होत्या. रुद्राणी प्रत्येक ठिकाणी जायची, शिकणाऱ्याने केलेला एक जोड मागून आणायची आणि तोडून बघायची. याला दोन वर्षं होत आली होती.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी दोघं औशाला गेले.

महेबूब मिस्त्रींचं पत्र्याचं शेड सोलापूर रस्त्याला होतं. दारातच तीन टाक्या अर्धवट उभ्या होत्या. मिस्त्रींनी तोंडावरची काच वर केली. पन्नाशीचा माणूस, भुवया ठिकठिकाणी जळालेल्या.

“क्लास न्हाई, बाई. चौघं येतात, काम करत करत शिकतात. पाचव्याला जागा हाय. पण टाक्या सोडून शिकवत बसणार न्हाई. सगळा तालुका टाक्या मागायलाय.”

“शिकणाऱ्याने केलेला एखादा जोड मिळेल?”

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या भंगारातून एक तुकडा काढून दिला. जोड कुठे फुगलेला, कुठे जळून आरपार भोक, आणि मधोमध मोडलेला.

“हा तर मोडलाय.”

“मीच मोडला. पोराचा चौथा दिवस होता. कुठं चुकलं ते मोडल्याबगर दिसत न्हाई.”

“चांगला नाही का एखादा?”

“हाय की. पण तो माझ्या हातचा असंल. चांगला नमुना मागितला की कुठलाबी मास्तर सोताचाच देतो.”

रुद्राणीने तुकडा तळहातावर उलटापालटा केला. वहीत सहा नोंदी होत्या, आणि शिकणारा त्यांतल्या एकातही नव्हता. नमुनाच चुकीचा घेतला म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलाला तिने प्रयोग पुन्हा करायला लावला असता. तिला हसू आलं.

“काय झालं?” मन्मथने विचारलं.

“काही नाही. स्टेशनकडचा पोकळ जोड मास्तरांचाच होता.”

तिने चित्र टाकीच्या पत्र्यावर पसरलं. मिस्त्रींनी ते बराच वेळ पाहिलं, मग काजळीने काळं झालेलं बोट एका रेषेवर ठेवलं.

“ही चाक धरणारी कमान इथं मोडंल.”

“भार मोजलाय मी. दुप्पट धरलाय.”

“बसल्या जागी मोजलाय. खड्डे धरले का?”

मन्मथ मोठ्याने हसला. “आता बोल, अक्का! बारा वर्षांत तुला असं विचारणारा भेटला नव्हता.”

रुद्राणीने पेन्सिल काढली आणि कमानीशेजारी प्रश्नचिन्ह केलं. तिला मनापासून बरं वाटत होतं.

“चार रोजात मी करून देतो की,” मिस्त्री म्हणाले. “शिकायची दगदग कशाला?”

“रस्त्यात मोडली तर तुम्हाला कुठून बोलावू?”

मिस्त्रींनी जरा विचार केला. “खरं हाय. मग ऐका. बांगड्या काढून यावं लागंल. पायातल्या सळ्यांवर गोणपाट गुंडाळू, ठिणग्यांनी तापतात त्या.” त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याकडे गेली. “लिंग काढायचं न्हाई, ठाऊक हाय. निम्मी गल्ली लिंगायतांचीच हाय आमची. वरून चामडं बांधू, पार मानंपर्यंत.”

तिसऱ्या क्लासमध्ये गळ्यातलं काढून ठेवा म्हणाले होते. तेवढ्यावरून तिने तो सोडला होता, आणि परतताना मन्मथने वाटेत उसाचा रस पाजला होता. पहिला क्लास तिसऱ्या मजल्यावर होता. दुसऱ्याचं छत त्याला धोक्याचं वाटलं होतं. चौथ्या-पाचव्याला त्याने काय खोट काढली होती ते तिला आठवेना, पण काहीतरी काढली होती, आणि तिने ती वहीत उतरवून घेतली होती.

“लई लांब पडतंय हे,” मन्मथ म्हणाला. तो टाकीच्या कडेवर नख घासत होता. “वीस किलोमीटर.”

“एसटी आहे.”

“एसटीची पायरी उंच असती, अक्का.”

“चाळीस सेंटिमीटर. दांडा धरला की चढता येतं.”

“तू मोजलीस?”

“हो.”

“कधी?”

रुद्राणीने पेन्सिलीचं टोक अंगठ्याच्या नखावर दाबून पाहिलं.

“पहिला क्लास बघायच्या आधी. कॉलेजवरूनच जाते ही एसटी.”

मन्मथचं नख थांबलं. आतून कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं; टाकी घुमत होती. आवाज थांबल्यावर मन्मथ हळूच म्हणाला, “मला पण वाटायचं, चढशील तू.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू वही घेऊन बसायचीस. मला काय, सुट्टीचं फिरणं व्हायचं.” तो थोडा हसला. “नऊला घरनं निघताना तू मागं बसून काय काय सांगतीस. ते तिकडं कोण सांगणार?”

तिने पदराने कपाळ टिपलं. मग चित्राची घडी घातली, अगदी मूळच्या घड्यांवरून.

मिस्त्रींनी काच पुन्हा तोंडावर ओढायच्या आधी विचारलं, “मग कवापासून? का अजून कुठं बघायचं हाय?”

“उदगीरला एक आहे ना, अक्का,” मन्मथ घाईने म्हणाला. “पुढल्या रविवारी जाऊ. एवढी बघितली, एकानं काय होतंय?”

रुद्राणीने त्याच्याकडे पाहिलं. शर्टाच्या खिशात खात्याचं पत्र होतं. घामाने लिफाफ्याची कड ओली झाली होती.

“उदगीरला जायचं नाही,” ती म्हणाली. “मिस्त्री, उद्यापासून मी येते. मन्मथ, तू विष्णुपुरीला जा.”