खुर्चीची सोय

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझी दोन चाकं मोठी आहेत आणि दोन लहान. उजवीकडचं लहान चाक वळताना कुरकुरतं. माझ्या घरात मला कोणी पूर्ण नावाने ओळखलं नाही. सगळे नुसतं ‘खुर्ची’ म्हणायचे. ‘खुर्ची आण’, ‘खुर्ची जरा मागे घे’. घरात बसायच्या खुर्च्या होत्याच, पण त्या टेबलाच्या खुर्च्या. नुसती खुर्ची म्हणजे मी. मला त्याचा अभिमान वाटायचा.

लोखंडी नळ्या वाकवून मला एका कारखान्यात बनवलं. तिथून मी दुकानात आले आणि काठ्या-कुबड्यांच्या मधे उभी राहिले. त्या दुकानात कोणी हौसेने येत नाही. एक दिवस मालक आले. दुकानदाराने विचारलं, “तात्पुरती हवी की कायमची?”

“डॉक्टर तात्पुरती म्हणालेत,” मालक म्हणाले.

दुकानदाराने मला पुढे सरकवलं.

मालकांच्या बायकोला मी बाई म्हणते. बाई शिवणकाम करायच्या. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या पायांतलं बळ गेलं. सुरुवातीला त्या माझ्याकडे बघायच्याही नाहीत. मग त्यांनी माझ्यासाठी उशी शिवली, माझ्या हाताला एक खिसा शिवला आणि त्यात मोजपट्टी ठेवली. तेव्हा मला कळलं की आपण या घरातले झालो. मालकांनी घरातले उंबरे काढून टाकले. मी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत कुठेही न अडता जायचे. ती माझी चांगली वर्षं होती.

मग लेकीचं लग्न ठरलं. बाई म्हणाल्या, “मला बाकी काही नको. लग्न लागताना मी तिच्या शेजारी असणार. पाहुण्यांत नाही, शेजारी.”

हॉल बघायला मीही जायचे. पहिली जागा उघड्यावर होती. हिरवळ सुंदर होती, पण माझी चाकं तिच्यात रुतली. तिथला मॅनेजर दिव्यांच्या माळा दाखवत होता आणि बाई विचारत होत्या, “वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं? पाऊस आला तर माणसं कुठे जाणार? स्वयंपाकी आमचा चालेल का? जागा आमच्या ताब्यात कधी देणार, सकाळी की आदल्या दिवशी?”

बाईंचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, सोबत होता. तो म्हणाला, “ताई, तू हॉल बघायला आलीस की याची चौकशी लावायला?”

“आत्ता विचारते, म्हणजे त्या दिवशी तुला कोणाशी भांडायला नको.”

दुसऱ्या हॉलमध्ये बाईंनी मोजपट्टी काढली. आधी माझी रुंदी मोजली, मग न्हाणीघराच्या दाराची. दार अरुंद निघालं. मामा म्हणाला, “आता माप घ्यायचं राहिलं ते नवऱ्या मुलाचं.” बाई खूप हसल्या.

तिसऱ्या हॉलच्या वेळी त्यांना ताप आला. डॉक्टरांनी घराबाहेर पडू दिलं नाही. मालक आणि मामा दोघेच गेले. हॉल त्यांना आवडला. हवी ती तारीख मोकळी होती आणि त्याच तारखेसाठी दुसरं कुटुंब दारात बसलेलं होतं. मालकांनी तिथूनच फोन लावला. बाई माझ्यावर बसल्या होत्या. फोन त्यांनी माझ्या हातावर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“जिना आहे का?” बाईंनी विचारलं.

“आहे. पण मागे लिफ्ट असणार. एवढा मोठा हॉल आहे.”

“असणार नको. खुर्चीची सोय आहे का, तेवढं विचारा.”

मालकांनी तिथल्या मॅनेजरला विचारलं, “आमच्याकडे खुर्ची लागते. खुर्चीची सोय आहे ना?”

नेमका तेव्हा बाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांना पलीकडचं ऐकू गेलं नाही. मला गेलं. मॅनेजर म्हणाला, “ती काळजीच सोडा. हव्या तेवढ्या मांडून देतो.”

“आहे म्हणतात,” मालक म्हणाले. “काही काळजी नाही.”

मित्रांनो, मला कोणी मांडत नाही. मला उघडतात, ढकलतात, घडी करून ठेवतात. हा माणूस माझ्याबद्दल बोलत नव्हता. मला ते कळलं होतं, पण मला तोंड नाही. बाई म्हणाल्या, “मग करून टाका बुकिंग.” आणि ते झालं.

लग्नाच्या सकाळी मालकांनी मला हॉलच्या दारात उघडलं आणि बाईंना बसवलं. समोर उभा जिना होता. मालकांनी मॅनेजरला लिफ्ट कुठे आहे ते विचारलं.

“लिफ्ट नाही आपल्याकडे,” तो म्हणाला. “तुम्ही खुर्च्यांचं विचारलं होतं. वर जाऊन बघा, दोन रांगा जास्तच मांडल्यात.”

तो वाईट माणूस नव्हता. चेष्टाही करत नव्हता.

मामाने तीन माणसं आणली. चौघांनी मला बाईंसकट उचललं. पहिल्या वळणापर्यंत आम्ही गेलो. तिथे माझं मोठं चाक भिंत आणि कठडा यांच्यात अडकलं. त्यांनी मला तिरकं केलं. बाईंच्या पाठीत कळ गेली. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला अंग चोरता आलं असतं तर मी चोरलं असतं. लोखंडाला ते जमत नाही.

“खाली घ्या,” बाई म्हणाल्या.

“ताई, मी तुला नुसती उचलून नेतो,” मामा म्हणाला.

“नको रे. पाठ पुन्हा गेली तर मी उठायची नाही.”

त्यांनी आम्हाला खाली ठेवलं. वरून निरोप आला, वेळ झाली, मुलीचे आईवडील कुठे आहेत.

“तुम्ही जा,” बाई मालकांना म्हणाल्या.

“तुला इथे सोडून?”

“अहो, तिच्या शेजारी आपल्यातलं कोणीतरी नको का?”

मालक गेले. वळणावर थांबून त्यांनी मागे बघितलं. बाईंनी हातानेच त्यांना वर जायला सांगितलं.

खाली चपलांचा ढीग, बाई आणि मी. डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मग सगळं शांत झालं. मग टाळ्या वाजल्या. बाईंनीही टाळ्या वाजवल्या, एकट्याने, जिन्याकडे तोंड करून.

थोड्या वेळाने लेक धावत खाली आली. ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. बाई म्हणाल्या, “रडू नकोस. तुझ्या बाबांनी माझ्यासाठी दोन रांगा जास्त मांडून घेतल्या होत्या. मीच नाही आले.”

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. ते लग्न लागताना बघणं राहिलं ते राहिलंच. मालक मला रोज पुसतात. कधी कधी रिकामीच मला गॅलरीपर्यंत ढकलत नेतात आणि तिथे ब्रेक लावतात.

आज सकाळी शेजारचा मुलगा आला. त्याच्या बहिणीचं लग्न आहे आणि आजोबांना चालवत नाही.

“काका, खुर्ची दोन दिवस द्याल का?”

“दोन दिवस कशाला, ठेव. हॉल कितव्या मजल्यावर आहे?”

“वरच आहे. पण सोय आहे म्हणालेत.”

“कसली सोय? लिफ्ट आहे? चालू आहे? खुर्ची आत जाते?”

“एवढं नाही विचारलं. होईल हो, काका. चौघं जण उचलू.”

“उचलायचं नाही,” मालक म्हणाले. “आत्ता फोन कर.”

“आता फोन करून काय? लग्न उद्यावर आलंय.”

मालकांचा हात माझ्या पाठीवर होता. मग त्यांनी माझी घडी केली आणि मला त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवलं.

मित्रांनो, कार्यासाठी जागा बघाल तेव्हा घरातलं जे माणूस सगळ्यांत कमी चालतं, त्याला घेऊन जा. त्याला दारापासून मांडवाच्या जागेपर्यंत नेऊन बघा, मगच हो म्हणा. नेता येत नसेल, तर ‘चाकांची खुर्ची’ असं माझं पूर्ण नाव घेऊन विचारा. आणि ‘सोय आहे’ म्हणाले, तर ‘दाखवा’ म्हणा.

शेजारचा मुलगा तसं म्हणाला नाही. मी डिकीत आहे आणि गाडी चालू झाली आहे.