काचेतल्या पावणीचं जेवण

टाकीसाठी मालवणहून आलेल्या दगडाच्या खाचेत ती लपून आली होती. करंगळीच्या पेराएवढी, दुधी अंगाची, आणि पाठीवर तपकिरी टोकांच्या मऊ बोटांची दाटी. बिनशंखाची समुद्री गोगलगाय. एम.एस्सी.ला मी तिच्या जातभाईंची आकृती काढली होती, पण जिवंत पहिल्यांदाच पाहत होते.

"दानू, ह्ये आणि काय आलंय?" शिवानंद काकांनी बायकोला, दानम्मा काकूंना, विचारलं. राजारामपुरीत त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. नोकरी लागेपर्यंत तिथली खाऱ्या पाण्याची टाकी मी सांभाळते.

"पावणी आहे काका. राहू द्या," मीच उत्तर दिलं.

"ऱ्हाऊ दे की. पर खाती काय?"

तेच मला माहीत नव्हतं. या गोगलगायी खाण्याच्या बाबतीत फार हट्टी असतात. एखादी जात फक्त एकाच प्रकारचा स्पंज खाते, दुसरी फक्त शेवाळासारखे दिसणारे बारीक जीव. आपलं अन्न मिळालं नाही तर त्या दुसऱ्याला तोंड लावत नाहीत, उपाशी मरतात. हिचं अन्न लवकर सापडलं नाही तर हीसुद्धा मरणार होती.

दानम्मा काकूंना यात काहीच अवघड वाटलं नाही. "आमच्या आजऱ्याला गोगलगायी परसातला कोबी एका रात्रीत संपवत्यात," म्हणत त्यांनी कोबीचं पान आणलं. गोगलगाय त्या पानाला वळसा घालून निघून गेली. मी स्पंजाचा तुकडा ठेवला, त्यालाही वळसा. काकांनी माशांच्या खाद्याच्या दोन गोळ्या टाकल्या. जिवंत खाद्य ते दुकानात ठेवत नाहीत. "माझ्या दुकानात जिवाला जीव घालायचा न्हाई."

"गोळ्यांत मासळीची पूड असते, काका."

"पाकिटात काय हाय ते पाकिटाला ठावं."

गोगलगाय दिवसेंदिवस आक्रसत चालली. बोटांची तपकिरी टोकं फिकी पडून जवळजवळ पारदर्शक झाली. ती आली तेव्हा तिने टाकलेली विष्ठा मी नमुना म्हणून बाटलीत जपून ठेवली होती. ती आता कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेली. काचपट्टीवर लांबट, चकचकीत कुप्या दिसल्या, काहींच्या आत गुंडाळलेला धागा शाबूत. समुद्रफुलाच्या दंशाच्या कुप्या! म्हणजे ही बया समुद्रफुलं, दगडाला चिकटून राहणारे ते फुलासारखे डंखी प्राणी, खात होती. जिथे माशाचं पिल्लू चिकटलं तर सुटत नाही, तिथे ही जेवते. गिळलेल्या कुप्यांतल्या काही पचवत नाही, पाठीवरच्या बोटांच्या टोकांत नेऊन साठवते. कुणी चावायला आलं तर त्याला तोच दंश. दुसऱ्याने बनवलेलं हत्यार न फुटता पोटातून पाठीवर न्यायचं! मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही.

मग आठवलं. त्या दगडावर बारकी तपकिरी समुद्रफुलं होती. काकांनी रिवाजाप्रमाणे बादलीत ब्रशने घासून ती काढली होती.

"काका, तिचं ताट आपणच घासून टाकलं."

काकांनी स्वतः मालवणला फोन लावला. समुद्र खवळलाय, दगड इतक्यात मिळणार नाही, असं उत्तर आलं. गोगलगाय काचेला चिकटून निपचित पडली होती.

दुसऱ्या दिवशी काका फिल्टर साफ करायला बसले आणि ओरडले, "आयला! दानू, लिंबू आन!"

फिल्टरच्या भिंती समुद्रफुलांनी भरल्या होत्या. कोल्हापुरात खारं पाणी मीठ मोजून हाताने बनवावं लागतं, त्यामुळे काका त्याचा थेंबही टाकून देत नाहीत. दगड घासलेल्या बादलीतलं पाणीही त्यांनी फिल्टरमध्येच ओतलं होतं. ब्रशने फाटलेल्या फुलांच्या बुडाच्या प्रत्येक चिंधीतून नवं फूल उगवलं होतं.

काकांनी सिरिंजमध्ये लिंबाचा रस भरला. तणासारखं पसरणाऱ्या या फुलांवर त्यांचा हाच उपाय.

"थांबा! हेच तिचं जेवण आहे."

"म्हंजे जिवाला जीवच की."

"तुम्ही लिंबू घालून मारणारच होता ना?"

काका सिरिंज हातात धरून एकदा फिल्टरकडे, एकदा टाकीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मारून फेकण्यापरास तिच्या पोटात गेल्यालं बरं. वाया तर जायचं न्हाई."

एक फूल खरवडून मी तिच्यासमोर ठेवलं आणि काचेला भिंग लावलं. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग तिच्या तोंडाजवळची दोन शिंगं थरथरली. ती पुढे सरकली, फुलाला शिवली, झटक्यात मागे आली. पाठीवरची बोटं ताठ करून पुन्हा पुढे. फुलाने पांढरे दंशाचे धागे तिच्यावर फेकले. तिने मान खाली घालून देठालाच तोंड लावलं आणि ते धागेसुद्धा शेवया ओढाव्यात तसे ओढून घेतले.

काकांनी माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं. "तिखट खाऊन तिखटच अंगाला लावती ही. कोल्हापूरचीच हाय म्हणायची."

आठवडाभरात तिच्या बोटांची टोकं पुन्हा तपकिरी झाली. फुलं सापडली त्या दिवशीच सिरिंजमधला रस काकूंच्या पोह्यांवर गेला होता, आणि काकांनी मला दम भरला होता, "ह्या फिल्टरला ब्रश लावशील तर बघ!"

"मी कधी लावला होता?"

"बघ म्हंजे झालं."